धोट्याच्या लाकडाचा बेडूक

आषाढ सरत आला की या तळ्याचं पाणी एका जागी शहारतं. वारा पडलेला असतो, पाऊस उघडलेला असतो, तरी लव्हाळ्याच्या कडेला परातीएवढ्या जागेत थेंब पडत असल्यासारखं दिसतं. नीट पाहिलं तर ते थेंब वरून पडत नसतात, खालून उमटत असतात. ती मरळीची पिल्लं. मरळ हा हवेवर जगणारा मासा, त्यामुळे पिल्लांनाही दर थोड्या वेळानं श्वास घ्यायला वर यावं लागतं. सुतासारखी बारीक, तांबूस नारिंगी हजारभर पिल्लं एकमेकांना धरून गोळ्यानं फिरतात. आणि गोळ्याच्या बरोबर खाली, हात-दीड हात पाण्यात, एक काळी सावली फिरत असते.

यंदाही गोळा आला आहे. गेले तीन दिवस सकाळी मी रिक्षानं खानापूर रस्त्याला उतरतो आणि काठी टेकत बांधापर्यंत येतो. तळं आता निम्मं उरलंय. पूर्वेला प्लॉट पडलेत, उत्तरेला जलपर्णीनं पाणी झाकलंय. पश्चिमेचा कोपरा तेवढा जुना आहे, लव्हाळ्याचा, आणि गोळा नेमका तिथंच आलाय. माझं वय शहात्तर. आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकल्या, पण त्यातल्या बहुतेकांना निदान कारणं तरी होती. या कोपऱ्यात मी जे केलं त्याला कारण नाही. तेरा वर्षं मी ते शोधतोय.

त्या वर्षांत आम्ही चौघं दर रविवारी सकाळी इथं येत असू. मी शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. बेळगावच्या कॅम्पातला फ्रान्सिस, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेला, दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा. निपाणीचे बाबूराव, तंबाखूच्या वखारीचे मालक, जे फ्रान्सिसच्या वाटणीचंही बोलायचे. आणि वडगावचा परशराम, घरातच दोन पॉवरलूम चालवणारा विणकर. वयानं तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण पाण्यावर आम्हा तिघांचा मास्तर तोच.

मासे धरणं म्हणजे काठावर बसून राहणं, एवढंच मला ठाऊक होतं. परशरामनं मला चालायला शिकवलं. बांधावर टाच आपटायची नाही, चवडा आधी टेकायचा. जमिनीचा हादरा पाण्यात जातो आणि मासा तो अंगानं ऐकतो. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. शेजारच्याच्या दोरीवरून आपली दोरी न्यायची नाही. कुणी जागा दाखवली तर ती तिसऱ्याला सांगायची नाही. लहान मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करायचे, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागाहून त्याला बुरशी लागते. तुटलेल्या दोरीचा तुकडा काठावर टाकून जायचं नाही, बगळ्यांचे पाय अडकतात. परशरामच्या खिशात अशा तुकड्यांची गुंडाळी कायम असायची. आमच्यापैकी कुणाचेही तुकडे तोच वेचायचा.

आणि बेडूक कसा चालवायचा तेही त्यानंच शिकवलं. खरा बेडूक नव्हे, खोटा, रबराचा किंवा लाकडाचा, पाठीवर दोन गळ असलेला. तो पानांवर टाकायचा आणि हलवायचा नाही. पाण्यावर उठलेली वर्तुळं पार विरेपर्यंत थांबायचं. मग गळाच्या काठीच्या टोकाला हलका झटका. पुन्हा थांबायचं. मरळ येते ती स्फोटासारखी येते, पाणी फुटतं, आणि नवशिका दचकून त्याच क्षणी ओढतो. बेडूक तोंडातून निसटून कानाजवळून मागे जातो. "निधान, सर, निधान," परशराम म्हणायचा. सावकाश या अर्थाचा हा कानडी शब्द आमच्याकडे मराठीच होऊन गेलाय. "घेऊ दे तिला. खाली जाऊ दे. तीन मोजा, मग ओढा." गणिताच्या मास्तरला तीन मोजता येत नाहीत, यावर बाबूरावांनी निदान दोन पावसाळे काढले. सरांचा मासा पुस्तकात असतो, शेवटच्या पानावर उत्तरासकट, असं ते चहावाल्यालाही सांगायचे. मी हसायचो. चार वर्षांत माझ्या हाताला वीतभर चिलापी माशापलीकडे काही लागलं नव्हतं, आणि ते वरून दिसायचं त्यापेक्षा मला जास्त लागायचं.

बांधाच्या टोकाला तेव्हा चहाची एक टपरी होती. तिथं आम्ही एक पुठ्ठा लावला होता, नव्यानं येणाऱ्यांसाठी. त्यावर सात नियम. सांगितले परशरामनं, लिहिले मी. वर मराठीत, खाली कानडीत. माझं अक्षर चांगलं. चौथा नियम होता, पिल्लांच्या गोळ्यावर गळ टाकू नये. नियम लिहून झाला तेव्हा फ्रान्सिसनं विचारलं होतं, की बाकी दिवशी मरळ धरतोच ना आपण, मग याच दिवसांत काय बिघडतं. परशरामनं दिलेलं उत्तर मला शब्दाशब्दानं आठवतं.

"बाकी दिवशी ती खायाला येती. तिची भूक, आपलं डोकं, बरोबरीचं हाय. हितं ती खायाला येत न्हाई, हकलायला येती. काय बी टाका, चप्पल टाका, येणारच. दारात आलेल्याला हकलायला बाहेर पडलेल्या बाईला दारातच धरायचं, ह्यात कसली मर्दुमकी?"

मरळीत नर-मादी दोघंही राखण करतात आणि वरून पाहून कोण कोणता ते कळत नाही. आम्ही तिला आईच म्हणायचो.

त्या वर्षी लव्हाळ्यात आलेला गोळा आम्ही पाहिलेल्या सगळ्यांत मोठा होता. परशराम सुताचा गठ्ठा पोचवायला निघाला की वाट वाकडी करून सायकलनं इथं यायचा आणि रविवारी आम्हाला बातम्या द्यायचा. पिल्लं आता नखाएवढी झाली. परवा पाणसर्प आला होता, तिनं त्याला पार त्या दगडापर्यंत नेऊन सोडला. आता आणखी पंधरा दिवस राखली की सुटली. घरात बाळंतीण असल्यासारखं तो बोलायचा.

त्याच सुमारास त्यानं तो बेडूक केला. मागावर आडवं सूत नेणारा धोटा फुटला की त्याचं लाकूड सहसा चुलीत जातं. वर्षानुवर्षं सुतातून धावून धावून ते इतकं गुळगुळीत होतं की हातातून निसटतं. परशरामनं एक फुटका धोटा चिरला, बोटभर लांबीचे दोन बेडूक कोरले, आतली पोकळी मेणानं बुजवली म्हणजे तरंगेल. मागे रेशमाच्या तांबड्या धाग्यांची झालर बांधली. डोळ्यांच्या जागी बायकोच्या कपाळाच्या मरून टिकल्या चिकटवून वरून लाखेचा हात दिला. शांताक्कांनी टिकल्यांची अख्खी पट्टी संपवल्याबद्दल त्याला काय काय ऐकवलं तेही त्यानं रंगवून सांगितलं. एक बेडूक त्यानं स्वतःच्या डब्यात ठेवला. दुसरा एका बुधवारी माझ्या घरी येऊन मला दिला. बाकीच्यांना इतक्यात दाखवू नका म्हणाला, पाण्यात कसा चालतो ते आपण दोघं बघू, मग त्यांनाही करून देतो.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, मी एकटा तळ्यावर गेलो. बेडूक पाण्यात कसा चालतो तेवढंच बघायचं, असं घरातून निघताना मी स्वतःला सांगितलं होतं. मोकळं पाणी पूर्वेला होतं. मी पश्चिमेला गेलो.

आकाश ढगाळ, पण पाऊस नाही. समोर पाणी शहारत होतं. मी चवड्यावर चालत गेलो, सावली पडू दिली नाही, शिकवलेलं सगळं पाळलं. पहिली फेक चुकली. धोट्याचा बेडूक लव्हाळ्याच्या बुंध्यात जाऊन अडकला, मी ओढलं आणि दोरी तुटली. त्या क्षणी मी परत फिरू शकलो असतो. उगारलेला हात खाली यायला किती वेळ लागतो? मी डब्यातून बाजारचा रबरी बेडूक काढला, गाठ मारली. गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली, हे लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरी फेक गोळ्याच्या मधोमध पडली. पिल्लं चारी दिशांना उधळली आणि ती आली. तीन मोजायची गरजच पडली नाही. तिनं तो बेडूक असा धरला होता, जणू तो दूर नेऊन टाकायचा होता.

घरी येऊन वजन केलं, साडेचार किलो. बायकोनं फोनवर माझा फोटो काढला. बाबूरावांना आणि फ्रान्सिसला मी फोन करून सांगितलं, मलप्रभा नदीवर गेलो होतो, खानापूरच्या पुलाखालच्या डोहात लागली. बाबूराव फोनवर इतके हसले, इतके खूश झाले, की ऐकताना मला ते खरंच वाटू लागलं. मोठा मासा लागला की चारी घरी वाटा पोचवायचा ही आमची रीत. परशरामचा वाटा मी स्कूटरवरून वडगावला घेऊन गेलो. माग चालू होते, बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यानं खटका दाबून माग थांबवले, शेपटाकडचा तो तुकडा खिडकीपाशी नेला, कातडीवरून अंगठा फिरवला. नदीची मरळ फिकी असते, पिवळसर. लव्हाळ्यातली काळी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"कुठल्या डोहात म्हणालासा, सर?"

"पुलाखालच्या."

"बरं," तो म्हणाला, आणि माग पुन्हा चालू केले.

रविवारी आम्ही चौघं बांधावर आलो तेव्हा लव्हाळ्याजवळचं पाणी सपाट होतं. आई गेली की गोळा दोन दिवस टिकत नाही. चिलापी खातात, खंड्या उचलतो, पाणसर्पाला आता कुणी दगडापर्यंत नेत नाही. पंधरा-वीस पिल्लं एका पानाखाली जमली होती, तेवढीच. परशराम उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत राहिला. बाबूराव लव्हाळ्यात शिरले आणि तुटक्या दोरीसकट धोट्याचा बेडूक घेऊन बाहेर आले. तांबडी झालर, मरून टिकल्यांचे डोळे. असलं काम बेळगावात एकाच माणसाच्या हातचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"परशा, हे काय रं?"

परशरामनं बेडकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. फळ्यापाशी उभं केलेल्या मुलाकडे मी ज्या नजरेनं पाहत असे, उत्तर येतंय तुला, बोल, तशा नजरेनं. मी त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या पाण्याकडे बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. तीनपेक्षा नक्कीच जास्त.

"माझ्याच हातचं हाय त्ये," तो म्हणाला.

एवढंच बोलला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाबूरावांनी तोच कबुलीजबाब धरला. नियम सांगणाराच असा निघाला, आम्हाला शहाणपणा शिकवून स्वतः मात्र आईवर गळ टाकला, असं बरंच काही ते बोलत गेले. आवाजात रागापेक्षा दुःख जास्त होतं. फ्रान्सिस नुसता मान हलवत होता. परशरामचा बेडूक त्याच्या डब्यात होता. डबा त्याच्या पायाशी होता. तो उघडून, दुसरा कुणाकडे आहे विचारा, एवढं म्हणायला त्याला काही अडचण नव्हती. तो म्हणाला नाही. मग बाबूराव माझ्याकडे वळले.

"सर, तुम्हीच सांगा आता. नियम तुमच्या अक्षरात हाय."

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखाच."

हे तीन शब्द मी चाळीस वर्षं वर्गात उच्चारले होते. ते आपोआप तोंडात आले, असं मी बराच काळ स्वतःला समजावलं. आपोआप आले नव्हते. मी ते निवडले होते.

परशरामनं दोरी गुंडाळली. पायाजवळ दोरीचा एक तुकडा पडला होता, तो उचलून खिशात ठेवला. मग सायकलपर्यंत चालत गेला, अख्खा बांधभर, चवडे टेकत, हलक्या पावलानं. आमच्या पाण्यातला मासा बिथरू नये म्हणून. त्यानंतर तो तळ्यावर कधी आला नाही.

आमचं मंडळही फार टिकलं नाही. बेडूक पानात अडकला तर सोडवायचा कसा हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. फ्रान्सिस मुलीकडे गोव्याला गेला आणि तिथंच वारला. बाबूरावांना अर्धांग झालं. शेवटच्या भेटीत त्यांना माझं नाव आठवलं नाही, मरळ मात्र आठवली, आणि डोळ्यांनी हसले. सांगायचं ठरवून गेलो होतो. त्या हसण्यापुढे धीर झाला नाही, की त्या हसण्याचं निमित्त मिळालं, कोण जाणे.

परशराम मला एकदाच भेटला, खडेबाजारात, चारेक वर्षांनी. हात जोडून, बरं हाय न्हवं सर, म्हणाला. मी त्याला विचारलं, हल्ली तळ्यावर येत नाहीस? असं विचारू शकणारा माणूस कसा असतो, ते मला आता आरशात दिसतं. तो म्हणाला, माग बदलले, नव्या मागाला धोटा नसतो, लाकूड कुठलं मिळणार. आणि गर्दीत मिसळून गेला. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो गेला. मला महिन्यानंतर कळलं. तेव्हाही मी वडगावला गेलो नाही.

गेलो तो गेल्या आठवड्यात. आषाढातली उघडीप पडली, सकाळी अंगणातल्या बादलीत झाडावरचे थेंब पडून पाणी शहारताना पाहिलं, आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. पॉवरलूमची खोली आता भाड्यानं दिलेली. शांताक्का ओट्यावर बसून काकडआरतीसाठी वाती वळत होत्या. ओळखलं त्यांनी. पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, गुरुवार, दोन फेकी, पूल, बांध, तीन शब्द. त्यांचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं हुतं त्येंनी. तुम्ही आणल्याला वाटा बी आम्ही शिजवला न्हाई. मागच्या परड्यात पुरला."

मग तो कधी कुणाला बोलला का नाही, मी विचारलं.

"मी लई भांडले. म्हटलं, बाबूरावाला जाऊन सांगा, नावाला काळिमा कशाला? तर म्हणायचे, सर येतील. निधान. आपण ओढलं की निसटतील." एक वात संपवून त्यांनी दुसरी घेतली. "आयतवारी सकाळी कुठं जायाचे न्हाईत. दार उघडं ठेवून बसायचे. लई वर्सं बसले. मग एका वर्षी आपणच दार लावलं."

मी म्हणालो, आता मी सांगेन सगळ्यांना.

"कुणाला?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

म्हणून हे लिहितोय. आणि म्हणून तीन दिवस या बांधावर येऊन बसतोय, कारण दुसरं कुठं बसावं ते मला सुचत नाही. आज रविवार. सकाळी तिघं जण मोटारीतून उतरले. तिशी-पस्तिशीचे, चांगल्या नोकरीतले, महागाच्या काठ्या, डब्यात ओळीनं लावलेले रंगीत बेडूक, एकाच्या छातीवर कॅमेरा. ते थेट लव्हाळ्याकडे निघाले. मी उठून आडवा गेलो. पिल्लांचा गोळा आहे तिथं, म्हटलं. ते म्हणाले, माहीत आहे आजोबा, म्हणूनच तर आलोय. आम्ही मारत नाही, व्हिडिओ काढून दोन मिनिटांत सोडतो. दोन मिनिटांत चिलापी काय करतात ते मी सांगितलं. हा नियम कुणाचा, एकानं विचारलं. वडगावच्या परशरामचा, मी म्हणालो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे नाव त्यांच्या ग्रुपवर नव्हतं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. इथंच उभं राहून, काठी जमिनीत रोवून. धोट्याचा बेडूक, टिकल्यांचे डोळे, नियम मी लिहिला आणि मीच मोडला, आळ त्याच्यावर आला आणि मी तो येऊ दिला. पहिल्यांदाच मी हे या बांधावर मोठ्यानं बोललो. त्यांनी मध्ये तोडलं नाही, संस्कारी मुलं होती. माझं बोलून संपल्यावर कॅमेरावाल्यानं आदरानं विचारलं,

"आजोबा, किती किलोची होती?"

"साडेचार," मी म्हणालो.

"भारी," तो म्हणाला, आणि गळ फेकायला त्यानं काठी मागे नेली.

साडेचार म्हणताना माझा आवाज थोडा चढला होता. मला तो ऐकू आला.